पप्पांची गाडी आम्ही गप्प केली तेव्हा

तुमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात का? बोलत असतील, तर का बोलतात, हे कधी विचारलंय?

आम्ही विचारलं नव्हतं. सातपूरच्या आमच्या कॉलनीत सगळेच मोठ्याने बोलायचे. बहुतेक घरांतला एक तरी माणूस प्रेस शॉपमध्ये होता, म्हणजे दिवसभर पत्र्यावर ठोके घालून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांवर. माझे पप्पाही तिथेच. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. आत आई फक्त विचारत असायची, वरणाला फोडणी आत्ता देऊ की नंतर. या मोठ्या आवाजाखाली पप्पांच्या कानांचं काय झालंय ते झाकून राहिलं. उघडं पडलं ते एका गाडीमुळे, म्हणून आधी गाडीचं सांगते.

निवृत्त झाल्यावर पप्पांनी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. पाइपांचा सांगाडा स्वतः वेल्डिंग केला, भंगारात निघालेल्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलं, वरचा पत्रा हाताने ठोकून वळवला. गाडी बुटकी आणि लांब नाकाची झाली. कॉलनीत तिला ‘कोल्हापुरी’ म्हणायला लागले, कारण लांबून ती चपलेसारखी दिसायची. पप्पांना हे नाव आवडत नव्हतं, पण शेडचं दार उघडं ठेवून काम करायचं ते थांबले नाहीत.

घरी बनवलेली गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि ती नोंदणी मिळणं फार अवघड. मी ठाम सांगितलं, की ती रस्त्यावर येणार नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. युनियनची पत्रकं आमच्या पुढच्या खोलीत घडी घातली जायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली, आणि ‘कामगार बंधूंनो’ वाचून मी आईला पहिला प्रश्न विचारला होता तो, बहिणी कुठे गेल्या, हा. अशा घरात कायदा साहेबासाठी आणि सूट आपल्यासाठी, हे कसं चालेल?

“झाली सुरू सभा,” पप्पा म्हणाले. पण त्यांनी ऐकलं.

वाट काढली मामाने. माझ्या मामाची घोटीला भाताची गिरणी आहे. गिरणीच्या आवारात भात वाळवायला भलंमोठं सिमेंटचं अंगण आहे, आणि हंगाम सोडला तर ते रिकामंच असतं. होळीच्या आसपास आम्ही गाडी टेम्पोत घालून तिथे नेली. पहिल्या फेरीला शेजारी आईला बसवायचं, असं पप्पांनी आधीच ठरवलं होतं. तिचं माहेर, तिचा भाऊ, भावजय, सगळे बघायला उभे.

दोन फेऱ्यांत आई उतरली. इंजिनाचा धूर नेणारा पाइप नेमका तिच्या पायाखालून जात होता. तिच्या चपलेचा तळ मऊ पडून पत्र्याला चिकटला होता. चेहरा लाल, पदर घामाने भिजलेला.

“लय तापती,” ती म्हणाली. “आन् आवाज? मी ओरडून ओरडून सांगतेय थांबवा, थांबवा. हे आपले हसतायत.”

पप्पा म्हणाले, “अगं, हाताने खूण करायची ना! थांबलो असतो लगेच.”

“मी काय तुमच्या मशीनवरचा हेल्पर हाय?”

या खुणांचं सांगायला हवं. प्रेस शॉपमध्ये तोंडाने बोलून उपयोग नसतो. तळहातावर मूठ आपटली की मशीन बंद कर, ओठांशी दोन बोटं नेली की चहा, कानाची पाळी ओढली की साहेब येतोय. पप्पांनी या खुणा घरी आणल्या होत्या. जेवताना मीठ हवं असलं तरी ते चिमूट दाखवायचे, आणि आम्हीही त्यांना खुणेनेच उत्तर द्यायचो. मला तो लहानपणापासूनचा खेळ वाटायचा.

मामाने तेवढ्यात हात धुऊन घेतले. “दाजी, खाली तूस भरा तूस. गिरणीत पडलंय ढीगभर. गाडी गार राहील आन् उपाशी म्हैस मागं लागंल, ते वेगळं.”

सगळे हसले, आई हसली नाही. तिने एकच अट घातली. गाडीत बसल्यावर नवऱ्याशी साध्या आवाजात बोलता आलं, तरच ती पुन्हा बसेल.

पप्पांनी ती अट मनाला लावून घेतली. त्या उन्हाळ्यात मी आणि ते शेडमध्ये एवढ्याच कामाला लागलो. सीटा काढल्या, आतला पत्रा उघडा केला. आवाज आणि उष्णता दोन्ही आधी भोकांतून येतात, म्हणून वायरींच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या भोवतीच्या फटी रबराने बुजवल्या. मग नाशिकमध्ये द्वारका चौकातल्या एका दुकानातून डांबरासारख्या चिकट रबराच्या, वरून चंदेरी कागद असलेल्या शीट आणल्या. त्या पत्र्याला दाबून चिकटवायच्या, खाली हवा राहू द्यायची नाही. दाबायचा रूळ नव्हता, म्हणून मी आईचं लाटणं आणलं.

“आणि पोळ्या कशाने लाटू? पान्याने?” आईने दारातून विचारलं. लाटणं मात्र परत मागितलं नाही. नवीन घेतलं.

शीट लावण्याआधी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की टण्ण वाजायचा, लावल्यावर ठप्प. मी टिचकी मारून कान देत होते. पप्पा टिचकी मारून पत्र्यावर तळहात ठेवायचे, थरथर जाणवते का ते बघायचे. मला वाटलं, जुन्या कारागिराची पद्धत असेल.

उष्णतेसाठी वेगळं काम. इंजिन आणि आपण यांच्यामधल्या भिंतीवर सिरॅमिक वूलची गादी लावली. तिच्यापुढे, इंजिनाच्या बाजूला, ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला, पण चिकटवून नाही. मध्ये बोटभर हवा राहील असे छोटे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, घालून. ती हवाच खरी उष्णता अडवते. धुराच्या पाइपाला उष्णता धरून ठेवणारी पट्टी गुंडाळली. त्या वूलचे बारीक तंतू श्वासातून आत जातात, म्हणून मी मास्क आणि हातमोजे आणले. पप्पांनी घालायला कुरकुर केली.

“इतकी वर्षं काम केलं, कधी काही घातलं नाही.”

“तुमच्याच पत्रकात मागणी असायची ना सुरक्षेच्या साधनांची? मग घाला.”

“मागणी वेगळी, घालणं वेगळं,” ते म्हणाले, आणि मास्क चढवला. सगळ्यात शेवटी खाली लोकरीचा जाड नमदा आणि त्यावर गालिचा अंथरला, सीटा परत कसल्या.

मे महिन्यात पुन्हा घोटी. पप्पांनी चावी फिरवली, इंजिन लागलं. आम्ही लावलेला थर मुख्यतः आतल्या माणसासाठी होता, तरी बाहेरही फरक जाणवत होता. पप्पा आत बसून क्षणभर समोर बघत राहिले आणि त्यांनी पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनात स्टार्टर घुसला की दातावर दात घासल्यासारखा आवाज होतो. खर्रर्र! मामीने कानांवर हात ठेवले.

“दाजी, चालूच हाय की!” मामा ओरडला.

पप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, चेहरा आनंदाने फुललेला. “बघ! चालू आहे की बंद, कळतच नाही. याला म्हणतात काम!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आई बसली. गाडी अंगणाला सावकाश फेऱ्या घालायला लागली. काचेतून आईचे ओठ हलताना दिसत होते. एका फेरीत ती हसत बोलत होती, पुढच्या फेरीत हसत नव्हती, मग बोलायची थांबली. गाडी थांबल्यावर ती उतरली आणि सरळ माझ्याकडे आली.

“पाय गार हाय. आवाज नाय. गाडी चांगली झाली,” ती म्हणाली. “पण माणूस बोलत नाय. तीनदा इचारलं, तोंड फिरवून बसलं.”

“काय विचारलंस?”

“ते आमच्यातलं हाय.”

मी गाडीत जाऊन बसले आणि पप्पांनी पुन्हा फेरी सुरू केली. आत खरोखर शांत होतं, नुसती घुरघुर. मी पुढे बघत आईइतक्याच आवाजात म्हणाले, “पप्पा, मागचं चाक घासतंय.”

स्वतः बनवलेल्या गाडीचं चाक घासतंय, हे ऐकून कोणी गप्प बसेल का? पप्पा गुणगुणत राहिले. मी तोंडावर हात धरून पुन्हा म्हणाले. त्यांनी गिअर बदलला आणि मामाला हात केला. मग मी तळहातावर मूठ आपटली. गाडी जागच्या जागी थांबली.

“काय झालं? काही वाजतंय का?”

मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, “पप्पा, गाडी चालू आहे हे सगळ्यांना ऐकू येतंय. तुम्हालाच येत नाही.”

ते रागावले. तूच तर भोकं बुजवलीस, म्हणाले. मग त्यांनी मामाला आत बसवलं आणि विचारलं. मामाने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. “ऐकू येतंय, दाजी. चांगलं येतंय.” पप्पांनी स्टिअरिंगवर तळहात ठेवला, जसा पत्र्यावर ठेवायचे तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

नाशिकला कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. तपासणीची खोली छोटी, जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली. पप्पांनी आत जाण्याआधी भिंतीवर टिचकी मारली, तळहात ठेवला आणि मला म्हणाले, “बरं काम आहे.” बाईंनी नंतर समजावलं. बारीक, उंच आवाज गेलेत, जाडे थोडे उरलेत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं कानात घालायच्या यंत्राने वापरात आणता येईल. बायकांचं बोलणं आधी हरवतं, असंही त्या म्हणाल्या. इतकी वर्षं आईला वाटत आलं होतं की नवरा तिचं ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

परतताना रिक्षात मी पप्पांकडे तोंड करून, मोठ्याने त्या मागणीबद्दल विचारलं. आवाजापासून कान वाचवणाऱ्या साधनांची मागणी प्रत्येक पत्रकात असायची, मला पाठ आहे. ती नेहमी यादीच्या तळाशी असायची. वाटाघाटीत पप्पा स्वतः बसायचे, आणि तडजोड करताना तळाची मागणी आधी सुटायची.

“का सोडायचात?”

“बोट तुटलं की रक्त दिसतं गं,” ते म्हणाले. “कानाचं साहेबाला काय दाखवायचं?”

मला राग आला, अजूनही आहे. मुळात ही मागायची गोष्टच नव्हती. कारखान्याने ती न मागता द्यायला हवी होती. पण आपल्या यादीत ती सर्वांत खाली कोणी ठेवली, हेही विचारलं पाहिजे. दिसणारी जखम वर आणि न दिसणारी खाली, हा क्रम आम्हीच लावला होता.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून तिसऱ्यांदा घोटी. पप्पांच्या कानात यंत्र होतं. इंजिन लावताच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अरे, टिकटिक काय होतंय? व्हॉल्व्ह वाजतोय हा! कधीपासून?”

“पहिल्यापासून,” मामा म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय. फॅशन.”

आई बसली. एक फेरी झाली आणि या वेळी दोघांचेही ओठ हलताना दिसले. उतरल्यावर मी आईच्या मागेच लागले, तेव्हा तिने सांगितलं. तिने विचारलं होतं, ही गाडी कुणासाठी बनवली? आणि पप्पा म्हणाले होते, स्वतःसाठी. बनवायला घेतली तेव्हा तू बसशील असं वाटलंच नव्हतं.

“एवढी यंत्रं लावून हेच ऐकायचं व्हतं,” आई म्हणाली. पण संध्याकाळपर्यंत ती आणखी दोनदा गाडीत बसली.

आता तुमच्याकडे मागणं एकच. तुमच्या घरातला कोणी यंत्रांच्या आवाजात काम करत असेल किंवा करून निवृत्त झाला असेल, तर आज त्याच्या मागे उभे राहा. तो तुम्हाला पाहत नसताना, साध्या आवाजात, त्याच्या आवडीच्या गोष्टीबद्दल एक वाक्य बोला. तो वळला नाही, तर रुसू नका, ओरडू नका. त्याचे कान तपासून घ्या. आणि तुमच्या कारखान्यात मागण्यांची यादी लिहिली जात असेल, तर कानांची मागणी तळातून उचलून वर लिहा.