आठ एमबी कुठे गेले?

मंडळी, आज ७ नोव्हेंबर १९९९. सकाळी साडेनऊला, गेम खेळण्यासाठी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला. मेमरी चौसष्ट एमबीची घेतली होती. पडद्यावर छप्पन्नच दिसली.

तडक दुकान गाठलं. दुकानदार मुरुगन अण्णांना चारचौघांत म्हणालो, "तुम्ही मला फसवलंत!" ते ऐकून एक गिऱ्हाईक उठून गेलं.

अण्णा मला तमिळमध्ये 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. ते म्हणाले, "तंबी, ग्राफिक्स कार्ड परवडत नाही म्हणालास ना? मग चित्र दाखवायला मदरबोर्ड तुझ्याच मेमरीतले आठ एमबी घेतो. मी नाही खाल्ले!"

मी माफी मागितली. याच माणसाने चिठ्ठीसुद्धा न लिहिता मला उधार दिलं होतं.

घरी येऊन वहीत हिशेब लिहिला: अण्णांना दिले सोळा हजार दोनशे, देणे तीन हजार. ते उठून गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या रकान्यात लिहू?