साहेबभाऊंचा खराटा

पृथ्वीच्या पाठीवर माझ्या भाडेकरूइतका शिस्तीचा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर कृपा करून त्याला पोंभुर्ण्याकडे पाठवू नका; एकानेच आमचं गाव पुरेसं दमवलंय. हे गृहस्थ हॉलंडचे. तिकडे रेल्वेची वेळापत्रकं करण्यात जन्म घालवला, निवृत्त झाले, आठ दिवस वाघ बघायला म्हणून आले आणि माझ्या मागच्या दोन खोल्यांत सहा वर्षं राहिले. वाघ काही दिसला नाही. व्हिसा संपला की मायदेशी जायचे आणि नवा शिक्का घेऊन परत हजर! गाव त्यांना साहेबभाऊ म्हणायचं.

एसटी उशिरा आली की हे कंडक्टरच्या नाकासमोर घड्याळ धरायचे. दाराला पाटी लावली, 'भेटण्याची वेळ चार ते पाच'. आमच्याकडे दार उघडं दिसलं की माणूस आत शिरतो. लोक पाटी मोठ्याने वाचत वाचतच आत यायचे. साहेबभाऊ मराठी शिकले शेजारच्या पार्बताबाईकडून. त्यामुळे कचेरीतल्या शुद्ध बोलणाऱ्या अधिकाऱ्याने "आपण इथे का राहता?" असं विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "मले गमते जी इथी. तुमाले काऊन तरास होऊन राह्यला?" मी सोबत होतो. टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

पण खरा घोळ केला तो खराट्याने. खोलीसमोर मोहाचं झाड आहे. आमच्या गावची रीत अशी, की फुलं पडायच्या आधी झाडाखालची जागा जो झाडतो, त्या सालची फुलं त्याची. हे झाड पार्बताबाई सासूच्या काळापासून झाडत आलेली. पहिल्याच वर्षी साहेबभाऊंना तिथला पाचोळा बघवेना. पहाटे उठून सगळी जागा लख्ख केली. झालं! साहेबाने बाईचं झाड धरलं म्हणून गावभर बोंब. पार्बताबाई पदर खोचून आली. "काऊन गा साहेब, तुह्या देशात झाडं नाईत का?" रीत समजली तेव्हा बिचारे रडवेले झाले. फुलं पडायला लागल्यावर साडेपाचला टोपली घेऊन हजर, आणि वेचलेलं सगळं तिच्या अंगणात नेऊन वाळत घातलं. तेव्हापासून झाडणं यांचं, वेचणं दोघांचं आणि भांडण रोजचं, कारण हे एकेक फूल रांगेत मांडायचे. "फुलं हायेत गा, शाळेतले पोट्टे नोहोत!" ती ओरडायची.

यंदा माघात साहेबभाऊंच्या गुडघ्याने दगा दिला. लेक येऊन घेऊन गेली. आता एकट्याला परत पाठवणार नाही म्हणाली, आणि तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. "येतो ना जी मी परत," ते जीपमधून तीनदा म्हणाले. पाटी अजून दारावर आहे. मी चारला उगाच तिथे जाऊन बसतो, पाचला उठतो. भलत्या वेळी जायची अजून हिंमत होत नाही.

परवा सकाळी खराट्याचा आवाज आला. धावत बाहेर गेलो. पार्बताबाई झाडत होती, त्यांच्यासारखीच, चारी कोपरे धरून.

"चला बाई, झाड परत तुमचं झालं," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "माह्यं कायचं? साहेबाच्या नावानं झाडून राह्यली. नाई झाडलं तं दुसरा धरन ना भाऊ. मंग तो आल्यावर काय करन?"

मी घरातून दुसरा खराटा घेऊन आलो.