एकवीस मोदकांचा ठराव

मी अमेरिकेत कधी गेलेली नाही आणि आता या वयात फार हौसही उरलेली नाही. तरीही गेली अकरा वर्षं दुबईतल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. मी मूळची पुण्याची. समोर कैरो, बैरूत, कोची, मनिला आणि लाहोरची पोरं, आणि फळ्यावर दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिका. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतं मी गणित शिकवते आणि उगाच काहीतरी सांगते.

एकोणिसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात धांदल फार आहे. देश पश्चिमेला इतका भराभर पसरत होता की नकाशे छापून होईस्तोवर जुने व्हायचे. त्या जमिनीवर जे आधीपासून राहत होते त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरातून उठवून दूर हाकललं गेलं. तो नकाशा लावला की माझा वर्ग एकदम गप्प होतो. माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या आजीआजोबांना घर सोडावं लागलेलं आहे. त्यानंतर मी मुद्दाम मजेचा भाग घेते. ज्यांच्याकडे जमीन नाही अशा साध्यासुध्या गोऱ्या पुरुषांनाही एकेका राज्यात मताचा हक्क मिळत गेला, त्यांचा लाडका माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, आणि ही मंडळी चिखलाच्या बुटांनी थेट त्याच्या सरकारी घरात घुसली. कपबश्या फुटल्या, खुर्च्यांवर चढून लोक उभे राहिले. पोरं खूश होतात. मग मी विचारते, या साध्यासुध्या माणसांत कोण नव्हतं? पहिलं उत्तर दरवर्षी कुठल्यातरी मुलीचंच येतं.

हे सगळं आमच्या मंडळात उपयोगी पडेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. अल मनखूल आणि आसपासची चाळीसेक मराठी कुटुंबं. गणपती, कोजागिरी, मुलांचं नाटक, वर्षातून एक सहल. नियमांची दोन पानं आहेत, ती स्थापनेच्या वेळी सहा पुरुषांनी बसून लिहिली. त्यातला तिसरा नियम असा: एका कुटुंबाला एक मत, आणि ते मत घरातल्या स्पॉन्सरचं. इथे राहायचं तर नोकरी करणाऱ्याच्या व्हिसावर बाकीच्या घरच्यांचा व्हिसा निघतो, तो नोकरी करणारा म्हणजे स्पॉन्सर. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच नवरे होते. सभेला नवरे जात, आणि आम्ही घरी काय ठरलं ते ऐकत असू.

गेल्या ऑगस्टमध्ये सभेने ठरवलं की गणपतीला विकतचे मोदक आणायचे नाहीत. प्रत्येक घराने उकडीचे एकवीस मोदक आणायचे. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्या त्या चाळीस जणांत उकड काढलेला एकही नव्हता. माझ्या नवऱ्यानेही हात वर केला होता. घरी येऊन त्याने अगदी उत्साहाने बातमी दिली, आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "तू करू नकोस. मी करतो."

आता त्याच्याबद्दल सांगायला हवं. माझा नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघायचा. बारा वर्षं. मग कंपनीने ते युनिटच बंद केलं. महिनाभरात त्याचा व्हिसा संपणार होता, म्हणून तो आम्ही माझ्या नोकरीवर घेतला. कागदावर स्पॉन्सर म्हणून माझं नाव आलं. त्या दिवशी व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून बाहेर पडताना तो एकच वाक्य बोलला, की हे कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. मंडळात तो कन्सल्टन्सी करतो असं सगळ्यांना माहीत होतं, आणि अधूनमधून तो खरंच करायचाही. पण गाडीच्या काचेवर कारखान्याच्या पार्किंगचं स्टिकर तसंच होतं, आणि सभेची तारीख आली की तो इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला जायचा. ते मत आता नियमाने त्याचं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. एवढं एकच त्याच्याकडे जसंच्या तसं उरलं होतं, म्हणून मीही बोलले नाही.

घरी बसल्यावर तो स्वयंपाक शिकला. कारखान्यात करायचा तसाच शिकला, म्हणजे वहीत नोंदी करून. पाणी किती, पिठी किती, झाकण किती मिनिटं. पहिले मोदक फुटले, दुसऱ्या खेपेचे बसले, आणि गणपतीला त्याने एकवीस मोदक असे केले की कळ्या मोजून घ्याव्यात. मंडळात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. अध्यक्ष स्वतः म्हणाले, "वहिनी, हाताला काय वळण आहे तुमच्या." मी हसून मान डोलावली. तो शेजारी उभा राहून सरबत पीत होता.

त्या कौतुकाने मला दोन महिने छळलं. एरवी मी रागीट आहे, राग आला की बोलून मोकळी होते. इथे ज्याच्यावर रागवावं असं कोणी नव्हतं, म्हणून मग मी नियमावर रागावले.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. त्याच आठवड्यात वर्गात अर्जांचा धडा चालू होता. तेव्हाच्या अमेरिकेतल्या बायकांना मत नव्हतं, पण त्या गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहायच्या आणि दारोदार हिंडून सह्या गोळा करायच्या. अर्जांचे गठ्ठे राजधानीत जाऊ लागले, तेव्हा सभागृहाने नियमच करून टाकला की असले अर्ज वाचायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. मी घरी तयारी करताना मोठ्याने वाचते, नवरा पोळ्या लाटता लाटता ऐकतो. मुलगी माझ्याच वर्गात आहे, तिला घरीही ऐकावं लागतं, याबद्दल तिची तक्रार आहे.

मी या वर्षी वाण म्हणून पेन दिलं. अत्तरदाणी आणि तिळगुळाच्या शेजारी एक कागद ठेवला: एका कुटुंबाला दोन मतं हवीत, नवऱ्याचं एक, बायकोचं एक. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, पेन दिलं, आणि म्हटलं, चालतंय का बघ, सही करून. शेजारची रत्नागिरीची भाभी तिळगुळासाठी दरवर्षी येते. तिच्या मियाँचा डेरा भागातल्या बाजारात मसाल्याचा धंदा आहे आणि दोघं मंडळाची जुनी माणसं आहेत. तिने कागद नीट वाचला, पेन उघडून बघितलं, म्हणाली, "तीन दिरहमचं असेल. सत्तर रुपयांत सही घेतेस होय?" आणि सगळ्यांत वर, ठसठशीत सही केली. अडतीस सह्या झाल्या. मला फार मोठी समाजसुधारक झाल्यासारखं वाटलं. त्यावर मुलगी म्हणाली, "आई, दे वेअर फायटिंग स्लेव्हरी. यू आर फायटिंग मोदक." हे बरोबरच होतं. माणसं विकली जात होती त्या काळातल्या बायकांशी मी स्वतःची तुलना करणं शोभत नव्हतं. कागद मात्र मी जपून ठेवला.

अध्यक्षांना फोन केला. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन पहिला तोच पोचतो. पण फायनान्समध्ये आहे, आणि कागदावर जे आहे तेच त्याला दिसतं. तो म्हणाला, "वहिनी, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे. पण अर्ज सभासदाने मांडायला लागतो. सह्या करणाऱ्यांत सभासद एकही नाही. रूल इज रूल. कोणीतरी सभासद उभा करा, मी लगेच घेतो." मी म्हटलं, बघते, इन्शाल्ला.

मग आठ दिवस अडतीस बायका आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागल्या. सगळ्यांचा पाठिंबा होता. मांडायला मात्र कोणाचा आवाज बसलेला होता, कोणाची त्या दिवशी फ्लाइट होती, कोणाला वाटत होतं दुसऱ्याने मांडलं तर जास्त चांगलं दिसेल.

आणि सभासद तर मी स्वतःच होते. फोनवर ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. व्हिसाचा एक कागद दाखवला असता तर काम झालं असतं. पण तो कागद दाखवणं म्हणजे चाळीस घरांत माझ्या नवऱ्याला उघडं पाडणं.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही तिघं खोर फक्कानच्या समुद्रावर गेलो. मुलगी पाण्यात होती, लांब बंदरातल्या क्रेन कंटेनर उचलत होत्या, आणि आम्ही दोघं वाळूत इथला कडक, दुधाळ करक चहा घेऊन बसलो होतो. मी त्याला सांगितलं की मी अर्ज मागे घेते, पुढच्या वर्षी बघू. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की त्या वाचायच्या नाहीत म्हणून ठेवलेल्या अर्जांचं पुढे काय झालं.

मी सांगितलं. एक म्हातारा होता, आधी राष्ट्राध्यक्ष राहिलेला. पद गेल्यावर घरी न बसता साधा प्रतिनिधी म्हणून परत सभागृहात आला. तो ते अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा उभा राहायचा. लोक ओरडायचे, खाली बसवायचे, तो परत उठायचा. शेवटी तो नियम रद्द झाला.

"आधी एवढा मोठा माणूस, आणि नंतर साधा मेंबर," तो म्हणाला. "त्याला लाज नाही वाटली?"

मी म्हटलं, पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही.

तो चहाचे कप टाकायला गेला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, माझं चुकलं.

रविवारी सकाळी एका उडपी हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सभा होती. उपमा, चहा, पुरुष पुढे खुर्च्यांवर. त्या दिवशी आम्ही बायकाही गेलो आणि भिंतीशी उभ्या राहिलो. बसायचं नाही असा काही नियम नव्हता, पण खुर्च्याच तेवढ्या मांडलेल्या होत्या. अध्यक्षांनी हिशोब वाचला, सहलीचं ठरलं. मग ते म्हणाले की भगिनींकडून एक अर्ज आला आहे, तो कोणी सभासद मांडणार असेल तर उभं राहावं, नाहीतर तो बाजूला ठेवावा लागेल.

चाळीस पुरुष उपमा बघू लागले. भाभी शेजारी पुटपुटली, "यल्ला, कोणीतरी उठा." माझ्याबरोबर आलेली मुलगी एकटक समोर बघत होती.

माझा नवरा उठला. अध्यक्षांना हायसं वाटलं. "या, तुम्ही मांडताय ना?"

"नाही," तो म्हणाला. "मला मांडता येणार नाही. मी सभासद नाही. दीड वर्ष झालं, माझी नोकरी गेली. मी हिच्या व्हिसावर आहे. नियमाने सभासद ही आहे, आणि मी तेव्हापासून हिचं मत देत आलोय. तिचा अर्ज तिला वाचू द्या." तो खाली बसायला लागला आणि परत उभा राहिला. "आणि गणपतीचे मोदक मी केले होते."

मला त्याच्याकडे बघण्याचा धीर होत नव्हता. मग मागच्या रांगेतला एक जण, ज्याची बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्याने शाळेत करतात तसा हात वर केला आणि म्हणाला, "आमच्याकडेही तसंच आहे. तीन वर्षं." एवढं बोलून तो उठला आणि आपली खुर्ची उचलून भिंतीशी, बायकोसमोर नेऊन ठेवली. तेव्हा कुठे लोक हसले, आणि खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. नवऱ्यानेही आपली खुर्ची माझ्या शेजारी आणली.

मी अर्ज वाचला. अकरा वर्षं रोज चाळीस पोरांसमोर बोलणारी मी, पण चार ओळी वाचताना दोनदा अडखळले. अध्यक्षांनी मत मागितलं. बारा वर्षांच्या सवयीने नवऱ्याचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. ठराव मंजूर झाला, चार विरुद्ध. ते चार कोण हे त्यांच्या बायकांनी त्याच दुपारी शोधून काढलं.

नवा नियम आजपासूनच, असं भाभीने भिंतीशेजारून जाहीर केलं आणि कोणी नाही म्हणालं नाही. लगेच मी पहिला ठराव मांडला: या गणपतीला मोदक हलवायाकडून आणायचे. सगळ्या बायकांचे हात वर. विरोधात कोण, असं अध्यक्षांनी विचारलं.

माझ्या शेजारी एक हात वर गेला, अगदी सरळ, पुरता वर. माझ्या नवऱ्याचा. परत मिळालेलं आपलं मत त्याने पहिल्यांदा दिलं ते माझ्याविरुद्ध, आणि मला इतका आनंद झाला की मी माझा वर केलेला हात खाली घ्यायलाच विसरले.