साफ केलेलं बावखल

ब्रिटनी तुस्कानोला लहानपणापासून किड्यामुंग्यांची आवड होती वगैरे काही नाही. झूऑलॉजी तिने घेतलं ते फार्मसीला नंबर लागला नाही म्हणून, आणि पहिली दोन वर्षं ती कॉलेजला गेली ती जायचं म्हणून. तिसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलला मॅडमनी सांगितलं, घराजवळच्या पाण्यातले जीव गोळा करून आणा. बाकीच्या पोरी मोबाइलवर चित्रं शोधत बसल्या. हिच्या वाडीत केळींच्या मागे बावखल होतं, म्हणजे पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायला वसईकरांनी पूर्वापार खणलेलं तळं. हिने आईची जुनी चाळणी उचलली, पाण्यातल्या शेवाळात फिरवली आणि वर आलं ते बघून काठावरच बसली.

चतुराच्या अळ्या. चतुर म्हणजे पोरं शेपटीला दोरा बांधून छळतात तोच. पंख फुटेपर्यंत तो पाण्यातच वाढतो, पाणवनस्पतींना धरून राहतो आणि डासांच्या अळ्या खातो. एवढं पुस्तकात होतं. पण नंदाखाल ते राजोडी पट्ट्यातल्या बावखलांत हे चतुर किती, कुठल्या जातीचे, कशाच्या आधाराने टिकलेत, हे तिला कुठेच लिहिलेलं सापडेना. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." पोरगी अडकली ती तिथे. जानेवारीपासून दर आठवड्याला ती बावखलात उतरायला लागली.

आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. नाहीतर चौथं वर्ष थांबायचं, ऑनर्सला संशोधन करायचं आणि थिसिस लिहायचा. मार्क होते. प्रश्न गाइडचा होता. त्याच मॅडमकडे, म्हणजे जागृती म्हात्रेंकडे, एकच जागा उरलेली आणि ती मागणारे तिघं.

"इंटरनेटवरून उतरवून थिसिस लिहिणारे मला नकोत," मॅडम म्हणाल्या. "तिघांचंही काम जागेवर येऊन बघणार. तुझ्याकडे सोमवारी सकाळी. तुझं बावखल बघते, मग बोलू."

ब्रिटनीने घरी हे सांगितलं आणि चूक झाली ती तिथेच. काय बघायला येणार, ते तिने नीट सांगितलं नाही.

"कोण येणार? कॉलेजच्या मॅडम?" तिचा बाप ॲन्सेल्म जेवता जेवता थांबला. पतपेढीत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, अंगणात सुकलेलं पान पडलं तरी उचलणारा माणूस. "आपल्या घरी?"

"घरी नाही पप्पा, बावखलावर."

"म्हात्रे म्हणजे मासे खात असतील ना?" आई इझाबेल म्हणाली. "सरंगा आणायला सांगते."

"मम्मी, त्या चिखलात उतरायला येतायत, जेवायला नाही."

"चिखलात?" ॲन्सेल्मने बायकोकडे बघितलं. "ऐकलंस? शिकलेली बाई आपल्याकडे येणार आणि आपण तिला चिखल दाखवणार."

ब्रिटनी हसली आणि ताट उचलून आत गेली. पोरांना वाटतं, आईबाप गंमत करतात. आईबाप गंमत करत नसतात.

आपल्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. लग्न असो, पोराचं पहिलं कम्युनिअन असो, परदेशातली आत्या येवो. दारातल्या क्रूसाला चुना लागतो, विहिरीचा काठ घासला जातो, कुंपणसुद्धा कापून सरळ होतं. त्यातून मे महिना. पावसाआधी बावखलातला गाळ काढायची रीतच आहे. ॲन्सेल्मला दोन्ही कारणं आयती मिळाली.

शनिवारी ब्रिटनी अळ्या ओळखायला कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर बसली होती. संध्याकाळी घरी आली तर बावखलाच्या काठावर बाप उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बघ!" तो म्हणाला. "रजा टाकली, चार माणसं लावली. तुझ्या मॅडमना तळ दिसेल तळ!"

खरंच दिसत होता. शेवाळ नाही, पाणगवत नाही, कमळाची पानं नाहीत. चारी बाजूंनी पांढरा चुना फेकलेला. पंप लावून निम्मं पाणी केळींना सोडलेलं. आणि काठावर हिरव्या लगद्याचा भलामोठा ढीग उन्हाने वरून सुकत चाललेला.

"पप्पा, हे काय केलंस?"

"घाण काढली."

"ती घाणच माझा थिसिस होता!"

ॲन्सेल्मचा चेहरा पडला. त्याने ढिगाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "अगं, पण मग सांगायचं ना तसं," तो हळूच म्हणाला.

हे मात्र खरं होतं, म्हणून ब्रिटनीला जास्तच राग आला. रडायला वेळ नव्हता. तिने दप्तर केळीखाली टाकलं आणि ढिगापाशी उकिडवी बसली. वरचं सुकलेलं बाजूला सारलं तर खाली लगदा ओला होता आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. "मम्मी, तांदूळ धुवायची रोवळी आण! आणि कपड्यांचा टब!"

इझाबेल धावत आली आणि काही न विचारता पोरीशेजारी बसली. मायलेकी लगदा रोवळीत घेऊन पाण्यात हलवायच्या, जिवंत अळी दिसली की चमच्याने उचलून टबात सोडायच्या. ॲन्सेल्म जरा घुटमळला, मग तोही खाली बसला. पतपेढीचं लेजर तपासावं तशा त्याने एकेक काडी तपासायला घेतली.

अंधार पडला तशी इझाबेल म्हणाली, "या पोरांना आता पलीकडे आलोशियसच्या बावखलात सोडून ये. त्याच्याकडे गवत आहे, जगतील बिचारी."

"नको," ब्रिटनी म्हणाली. पण तिची नजर कुंपणापलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

आलोशियस डाबरेची वाडी अगदी लागून. त्याचं बावखल जवळजवळ एवढंच, तेवढंच खोल, जमिनीखालचं पाणीही तेच. फरक एकच, ते अजून हिरवंगार होतं. त्यातलीही मोजणी ब्रिटनीने जानेवारीपासून केली होती, जवळ आहे म्हणून, सहज. एक साफ केलेलं आणि एक न केलेलं. साफ केलेल्यात जीव परत येतात का? आधी कोण येतं, डास की चतुर? हा प्रश्न तिच्या पहिल्या प्रश्नापेक्षा चांगला होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती सरळ आलोशियसकडे गेली. म्हातारा ओट्यावर फावडी घासत बसला होता.

"अंकल, फावडी कशाला?"

"उद्या पहाटे माणसं येतायत. तुझ्या मॅडमच्या आधी बावखल साफ करून टाकतो."

ब्रिटनीने त्याच्या हातातलं फावडं धरलं. "का?"

"का म्हणजे? तुझ्या बापाने त्याचं आरशासारखं केलं. मॅडम कुंपणावरून इकडे बघणार नाहीत? म्हणतील, हा कोण आळशी राहतो शेजारी?"

"अंकल, मला ते तसंच हवंय. गवतासकट."

"बाय, तू लहान आहेस. माझी अब्रू आहे. वर आणि डास! बोळिंजच्या टॉवरमध्ये राहणारा माझा जावई परवा म्हणाला, अंकल, हा खड्डा बुजवून टाका."

ब्रिटनी घरी जाऊन काचेचा वाडगा घेऊन आली. वाडग्यात पाणी, पाण्यात टबातली एक चतुराची अळी. पाठीमागच्या पिंपातून तिने डासांच्या अळ्या चमचाभर काढल्या आणि वाडग्यात सोडल्या. दोघं वाकून बघत बसले. चतुराची अळी दगडासारखी बसली होती. मग तिच्या तोंडाखालून काहीतरी लपकन बाहेर आलं आणि डासाची एक अळी गेली.

"आयला," आलोशियस म्हणाला. थोड्या वेळाने, "परत करायला लाव."

परत झालं. तिसऱ्यांदाही झालं.

"हे माझ्या बावखलात आहेत?"

"गवत आहे तोवर आहेत. पप्पाच्यात आता किती उरलेत ते देवाला ठाऊक."

आलोशियसने विचार केला. ॲन्सेल्मपेक्षा आपलं काहीतरी बरं निघालं, हे त्याला आवडलेलं दिसलं. "ठीक आहे. माणसांना नाही म्हणून सांगतो. पण तुझ्या मॅडमना पहिलं वाक्य हे सांगायचं, की आलोशियस डाबरे आळशी नाही."

"सांगते."

सोमवारी मॅडम स्कूटरवरून आल्या. ब्रिटनीने त्यांना बावखलावर नेलं आणि पहिलं वाक्य सांगितलं. "मॅडम, पलीकडचे आलोशियस अंकल आळशी नाहीत. त्यांचं बावखल मी सांगितलं म्हणून असं आहे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर चुन्यावर होती. "आणि हे?"

"हे तुम्ही येणार म्हणून साफ केलं. चूक माझी, मी घरी नीट सांगितलं नव्हतं." मग तिने सगळं सांगितलं, नवा प्रश्नही. ॲन्सेल्म केळीआड उभा राहून ऐकत होता, हातात मॅडमचे पाय पुसायला कोरा टॉवेल.

"एक साफ केलेलं, एक न केलेलं. हा पुरावा झाला?" मॅडमनी विचारलं.

"नाही. दोन्ही प्रकारची आणखी बावखलं पाहिजेत. मे महिना आहे, लोक साफ करणारच. त्यांच्या आधी जाऊन मोजणी करीन. काहींना थांबा म्हणून सांगीन."

"थांबतील?"

"सगळे नाही थांबणार."

"माझा मेव्हणा थांबेल," कुंपणापलीकडून आवाज आला. "तो खराच आळशी आहे."

मॅडमनी हसू दाबलं. "ढिगातून काढलेल्या अळ्या कुठे आहेत?"

"टबात. मम्मी म्हणत होती, अंकलच्या बावखलात सोड. मी नाही सोडल्या. तिथला आकडा फुगला असता, मग तुलना कशाशी करणार?"

मॅडमनी मान डोलावली. "आणि वर्षभरात इथे काहीच परत आलं नाही तर?"

"तर तसंच लिहीन."

मॅडमनी चपला काढल्या. "जूनमध्ये कॉलेज उघडायची वाट बघू नकोस. आजपासून सुरू कर. जागा तुझी."

एवढं बोलून त्या कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेल्या आणि आलोशियसच्या शेवाळात गुडघाभर उतरल्या. म्हातारा काठावरून त्यांना चांगल्या जागा दाखवत होता, जणू प्रत्येक अळी त्यानेच वाढवली होती.

ॲन्सेल्म टॉवेल घेऊन तसाच उभा. "बघ, त्याच्या घाणीला मान," तो म्हणाला. "पुढच्या मेमध्ये आपलंही तसंच ठेवू. तोवर निदान तो काठावरचा पाला तरी उचलू दे."

"पप्पा," ब्रिटनीने जाळी उचलली, "आता वर्षभर इथलं एक पानसुद्धा उचलायचं नाही."

"एक पानसुद्धा नाही?"

"पडलं तर पडू दे. उगवलं तर उगवू दे."

ॲन्सेल्मने चुन्यावर पडलेल्या केळीच्या सुक्या पानाकडे बघितलं, हात मागे बांधले आणि घराकडे निघाला. ब्रिटनी आरशासारख्या पाण्यात उतरली आणि तिने पहिली जाळी टाकली.