कुल्पाशने घेतलेलं नाव

केगेन गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुल्पाशने सव्वीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे गावाआधी तिला कळायचं, पण त्यातलं एक अक्षर तिने बाहेर जाऊ दिलं नाही. एरवी मात्र बाई भलतीच तोंडाळ. सुनेने सासरच्या थोरामोठ्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून लग्न होऊन आल्या आल्या तिने रीतीप्रमाणे सगळ्यांना नवी नावं पाडली. आळशी दिराला ती ‘मिर्झा’, म्हणजे सरदारसाहेब, म्हणायची, आणि तो बिचारा त्यात आपला मान समजायचा. सासरे ओराझाली तिचे ‘थोरले बाबा’ झाले. अडतीस वर्षांत त्यांचं नाव तिने ओठांवर आणलं नाही. फॉर्मवर लिहायची वेळ आली तरी पेन नवऱ्याच्या, कासेनच्या हातात द्यायची.

साठीला टेकली आणि मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय गेले, वाचा गेली. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. तीन वर्षं संसार एवढ्यावर चालला. मग अल्माटीच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यात नखाएवढी पट्टी बसवली. ती मनातल्या मनात बोलू लागली की पट्टी ते टिपायची, अर्धवट कळलेले शब्द कृत्रिम बुद्धी अंदाजाने पुरे करायची आणि पट्टीला जोडलेली एक पेटी कुल्पाशच्याच जुन्या आवाजात बोलायची. अंदाज नीट बसावा म्हणून कासेनने घरच्यांच्या नावांची यादी देऊन टाकली होती. पुरुषाच्या डोक्यात रीतभात कुठून येणार!

पेटी घरी आली त्या दिवशी सगळं खानदान जमलं. तोमिरिस नावाची इंजिनियर मुलगी वायरी जोडून म्हणाली, "बोला आपा, मनात येईल ते."

कुल्पाशने मनात जुळवलं, थोरले बाबा, चहा निवतोय.

"ओराझाली, चहा निवतोय!" पेटी खणखणीत बोलली.

बौरसाकाचं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, ताट फिरवणारी नणंद जागीच थिजली. मिर्झा म्हणाला, "वहिनीने तीन वर्षांचं साठवून ठेवलं होतं वाटतं!" कुणी हसलं नाही. एक्याण्णव वर्षांचा म्हातारा काठी टेकत उठला आणि अंगणात निघून गेला. कुल्पाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंदाज बंद करते," तोमिरिस कानकोंडी होऊन म्हणाली. "पण मग एकेक अक्षर निवडावं लागेल, आपा. फार वेळ जाईल."

एकदा पापणी मिटली. तासभर खपून कुल्पाशने जे जुळवलं ते असं होतं: "पेटी घेऊन जा. माझ्या डोक्यात लुडबुड नको. मुकी बरी."

कासेनने विनवण्या केल्या, नणंद रडली. ती बधली नाही. म्हातारा तीन दिवस तिच्या खोलीकडे फिरकला नाही, आणि तो रागावलाय अशी तिची खात्रीच पटली.

चौथ्या दिवशी सकाळी तोमिरिस पेटी उचलायला आली, तेव्हा तिच्या मागोमाग म्हातारा आत शिरला.

"पोरी, मी रागावून नव्हतो गेलो गं," तो खाटेशी बसून म्हणाला. "मला नावाने हाक मारणारे सगळे मातीत गेले. भाऊ गेले, दोस्त गेले. वीस वर्षं झाली, जो तो आपला बाबा नाहीतर आजोबा म्हणतो. त्या दिवशी ते ऐकलं आणि रडू फुटलं. या वयात सुनेपुढे रडू होय? आज पुन्हा घे की नाव."

"अहो बाबा, पण रीत..." कासेन पुटपुटला.

"रीत माझ्या मानासाठीच ना? मग मीच सांगतोय. तू गप्प बस."

तोमिरिसने अंदाज चालू करायला हात पुढे केला. क्षणात काम झालं असतं. पण कुल्पाशची पापणी दोनदा मिटली.

त्यांच्या लिपीत नावाची सात अक्षरं होती. पहिल्यालाच चार मिनिटं लागली. तिसरं चुकलं, ते पुसून पुन्हा घेतलं. तिच्या कपाळावर घाम आला, तो कासेनने टिपला. कुणी घाई केली नाही. शेवटचं अक्षर बसलं, आणि या वेळी नाव पेटीने सुचवलेलं नव्हतं.

"ओराझाली."

म्हाताऱ्याने टोपी सारखी केली.

"ओ," तो म्हणाला. "आलो गं."