बिनफोडणीचं घर

देवीडॉक्टर नाकानं रोगी शोधायचे. गावात शिरले की चावडीवर न टेकता स्वयंपाकाच्या वेळेला गल्ल्यांतून एक फेरी मारायचे. ज्या घरात देवी आल्या, तिथं त्यांची बोळवण होईपर्यंत फोडणी द्यायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. लोक रोग्याला कणगीमागं लपवत, दारावरचा लिंबाचा डहाळा काढून ठेवत, पण चुलीवर तेल तापवायची छाती कुणाची होत नसे. "समदी घरं घमघमत्यात, तेवढं एकच गप हाय," असं म्हणून डॉक्टर नेमके त्या दारात उभे राहायचे.

तसे ते डॉक्टर नव्हतेच. सरकारी देवी टोचणारे, आणि मी त्यांच्या हाताखालचा. पण ज्याच्या पिशवीत स्पिरिटचा दिवा, तो खेड्यात डॉक्टर. बायका आम्हाला शिव्या घालत. डॉक्टर शिव्या देणाऱ्या म्हातारीकडंच पाणी मागायचे आणि तांब्या परत देता देता तिचा दंड धरायचे. पुढं ती म्हातारीच शेजारणींना हाका मारायची.

मोठी साथ आली त्या वर्षी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आम्ही घर पाहिलं नाही. बेंबळीकडची गावं उरकली की परंड्याकडं निघा, असा हुकूम यायचा. रजेच्या अर्जाला उत्तर नाही. डॉक्टरांचा आधी आवाज बसला, मग जेवण तुटलं. भाकरी पुढ्यात घेऊन नुसते बसायचे. एकदा टोचता टोचता हात थांबला आणि म्हणाले, "धाकट्या लेकीचं नाव आठवंना झालंय मला." मी ते हसण्यावारी नेलं. त्याची लाज अजून वाटते.

एका गावात शेवटची गल्ली राहिली. डॉक्टर पारावर बसले ते उठेनात. माझेही पाय सुजले होते. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तसाच परतलो आणि सांगितलं, "बसा तुमी. घरोघर फोडणी हाय." त्यांनी माझ्याकडं एकवार पाहिलं आणि निजामाच्या वेळचा शिक्का असलेल्या वहीत ती गल्ली निरोगी लिहिली.

महिन्याभरात त्या गल्लीतली तीन लेकरं गेली. चौकशीत डॉक्टरांनी माझं नाव घेतलं नाही. आपणच गेलो नाही, एवढंच सांगितलं आणि नोकरी सोडून गावी निघून गेले.

चार वर्षं मी ते पोटात ठेवलं. मग एका दुपारी त्यांच्या गावी गेलो. घर विचारावं लागलं नाही. साऱ्या गल्लीत लसणाचा वास होता आणि एकच घर गप होतं. आत कुणीही आजारी नव्हतं. नोकरी सोडून आले त्या दिवसापासून ते चुलीवर फोडणी देऊ देत नाहीत, असं डॉक्टरांच्या घरच्या काकू खालच्या मानेनं म्हणाल्या.

ताटावर बसल्यावर मी सांगून टाकलं, की त्या गल्लीत मी गेलोच नव्हतो.

"ठावं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या अंगाला फोडणीचा वास कुठं होता? पण मलाबी उठायचं नव्हतं."

आणि त्यांनी पांढरं वरण माझ्या भाकरीवर वाढलं.