‘हल्ली काय मेलं?’

भेटल्यावर लोक ‘बरं आहे ना?’ विचारतात. आमचे गुरांचे डॉक्टर विचारायचे, ‘‘हल्ली काय मेलं?’’ पोलादपूरहून आमच्या डोंगरावरच्या वाडीत ते गुरांना टोचायला येत, पण अर्धं लक्ष जंगलाकडे. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी हा प्रश्न. वाडीनं त्यांचं नाव ‘फौजदार’ ठेवलं होतं.

एकदा पाणवठ्यावर भेकर मरून पडलं. ‘‘म्हातारं झालं असंल,’’ कुणीतरी म्हणालं. डॉक्टर उसळले, ‘‘म्हातारपणानं मेलेलं भेकर दाखवा मला, नोकरी सोडतो!’’ मग ज्याला त्याला आडवेतिडवे प्रश्न, जणू आम्हीच विष घातलं होतं. भयंकर राग यायचा मला त्यांचा, खोटं कशाला सांगू!

गेल्या उन्हाळ्यात मारुतीच्या देवळापाशी वानर मेलं. आमच्याकडे वानर मेलं म्हणजे घरातलं माणूस गेलं. आंघोळ, गुलाल, भजन, मिरवणूक आणि देवळामागे माती. डॉक्टर पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

‘‘हात कुणी लावला?’’

हा आता देव उकरून काढणार, अशी वाडीला भीती. डॉक्टर एकेकाचे हात न्याहाळत माझ्या आईपाशी थांबले. तिच्या नखांत गुलाल होता.

‘‘मावशी, आंघोळ तुम्ही घातलीत?’’

‘‘मग? लेकराला तसंच मातीत घालू काय रे?’’

डॉक्टरांचा आवाज उतरला. ‘‘उकरत नाही मी. पण वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी दुसरं अंग शोधतात. ताप आला तर लपवू नका.’’

आठवड्याभरात आई तापानं फणफणली आणि अर्थातच तिनं लपवलं. डॉक्टरांचा आमच्यावर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून ते आपणहून दारात आले. स्वतःच्या गाडीतून तिला महाडच्या दवाखान्यात नेलं. गोचिडीचाच ताप निघाला. अजून उशीर झाला असता तर आई हाती लागली नसती. त्या दिवसापासून या माणसावर माझा जीव जडला.

यंदा पुन्हा एक वानर पडलं. आई काठी घेऊन राखणीला उभी राहिली, भजनवाल्यांनाही जवळ फिरकू देईना. तिनं मला फोन लावायला लावला.

‘‘डॉक्टर, मारुती पडलाय. आधी तू बघून घे, मग आम्ही भजन करू.’’

‘‘मावशी, माझी बदली झाली हो. नवे डॉक्टर येतील. चांगला माणूस आहे.’’

आईनं काठी जमिनीवर आपटली.

‘‘चांगला असू दे रे. पण तुझ्यासारखा संशय घेतो का नाय?’’